उसने हात

सकाळची थुंकी चांगली असते, असं माझे गुरू सांगत.
हसू नका. अडीचशे वर्षांची काजळी
थुंकीनं जितकी हळुवार सुटते तितकी कशानंच नाही.
म्हणून चहाच्या आधी मी कापसाचा बोळा जिभेवर फिरवते
आणि लॉर्ड ड्रमफेर्न यांचं कपाळ पुसायला घेते.

बाहेर समुद्रावरून धुकं चढून आलंय.
किल्ला नाही, चर्चचे कळस नाहीत,
एडिंबरा म्हणजे सध्या फक्त ट्रामची घंटा.

बोळा काळा होतो, मग चहाच्या रंगाचा, मग कोरा.
खालून गाल वर येतो, रोज क्लॅरेट पिणाऱ्याचा,
नाकाच्या कडेला फुटलेल्या बारीक शिरा.
चित्रकारानं त्या लपवल्या नाहीत,
लॉर्डसाहेबांनीही लपव म्हटलं नसावं.
एवढं त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

न्यायाधीश : पांढऱ्या झग्यावर लाल फुल्या.
आणि लेखक : उजव्या हाताखाली स्वतःचंच पुस्तक,
करुणेचा उगम कुठे, यावर चारशे पानं.
मी वाचलंय. म्हणजे निम्मं.
वाक्य लांब, पण दम न तुटणारं.
शेजारच्या घरात मूल रडलं
की झोपेतच आपण कूस बदलतो,
न्याय तिथे सुरू होतो, असं म्हणतात ते.
खरं सांगते, त्या पानावर मी थोडी थांबले होते.

ते पान लिहिलं त्याच हिवाळ्यात
ग्रिझेल लोबन नावाच्या धोबिणीला
तागाच्या सहा चादरींसाठी फाशी.
निकालाची भाषाही स्वच्छच आहे.

गेल्या मंगळवारी हातांपाशी आले.
कुणीतरी मागाहून निमुळती, गोरी बोटं रंगवली होती,
ती बोळ्याबरोबर निघून आली
आणि खालून निघाला रुंद नखांचा पंजा,
अंगठ्याच्या मुळाशी दोराचा जुना वळ.
हा हात लिहिणाऱ्याचा नव्हे.

चित्रकाराची हिशेबाची वही आहे आमच्याकडे :
'चेहरा, तीन बैठका. महाशयांचा पाय सुजलेला.
झगा घालून बसण्याबद्दल टॅम इरी, पाणक्या,
दिवसाला चार पेन्स आणि वाडगाभर रस्सा.'
सातव्या मजल्यापर्यंत पाठीवर पीप चढवणारा टॅम
तीन दिवस न्यायाधीश झाला.
बसून राहण्याचे पैसे मिळतात
हे त्याला किती दिवस खरं वाटलं नसेल.

पुढची ओळ :
'बुधवार. टॅम आला नाही. डावा हात बाहीत घातला.'

मी तारीख ताडून पाहिली.
त्या बुधवारी ग्रासमार्केटात दोर बांधला होता.
धोबिणीला पाणी लागतं, खूप लागतं,
आणि ते कुणीतरी चढवून द्यावं लागतं.
याहून जास्त मला माहीत नाही.
दोषी, निर्दोष, यांच्यामध्ये इथल्या कायद्यानं
फार वर्षं तिसरा निकाल जपला : सिद्ध झालं नाही.
टॅम कदाचित तापानं फणफणला असेल. कदाचित
दारू पिऊन पडला असेल. सिद्ध झालं नाही.

काल मिसेस ऑगस्टा ट्रेल यांचा फोन आला.
चित्र त्यांच्या जेवणघरातलं. आवाज गोड.
'चेहरा सुरेख उजळलाय हो.
हात तेवढे पहिल्यासारखे करता येतील?
आमच्या घराण्यात असे हात नाहीत.'
पहिल्यासारखेच केलेत, मी म्हटलं.
त्या हसल्या. बिलाचं बघू म्हणाल्या.

लिहिणाऱ्यानं हात झटकले, सही करणाऱ्यानं हात झटकले,
दोघांना मिळून झटकायला हात एकच जोडी.
इथे करुणेच्या पुस्तकावर जो टेकलाय
तो मात्र उसना, भाड्याचा, आणि जड.
कातडी बांधणी किंचित दबलीय त्याच्या वजनानं.
एवढं चित्रकारानं पाहिलं होतं.

अंगठ्याचा वळ अजून अर्धाच उघडा आहे.
बोळा जिभेवर धरलाय केव्हापासून.
तोंडाला कोरड पडलीय.